राहूचं डोकं कुठं पडलं?

मोहिनीनं अमृत वाढलं ते नेवासा, राहूचं डोकं पडलं ते राहुरी आणि काया पडली ते कायगाव. आमच्याकडे समुद्रमंथनाची गोष्ट एवढ्यात आटोपते. ती कुणी बसवून सांगत नाही. एसटीतून जाताना फाटा आला की शेजारच्यानं पत्ता सांगावा तशी ती कानावर पडते. नकाशा उघडून पाहिला तर मामला आणखीच पटण्याजोगा निघतो. मधे नेवासा, त्याच्या नैऋत्येला राहुरी आणि ईशान्येला गोदावरीकाठी कायगाव. म्हणजे डोकं एका दिशेला आणि धड जवळपास उलट्या. धड जड, ते जवळच कोसळलं. डोकं लांब उडालं. ज्या कुणी ही गोष्ट या मातीत रोवली, त्यांना इथला भूगोल चांगला ठाऊक होता.

गोष्टीच्या या प्रदेशात फिरायचं तर प्रवरेचा काठ धरावा. रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडीला अमृतेश्वराचं जुनं कोरीव देऊळ आहे. नदी त्याच डोंगरांतून निघते आणि तिचं दुसरं नाव अमृतवाहिनी. संगमनेरात इंजिनिअरिंग कॉलेजपासून बँकेपर्यंत हे नाव लागलेलं दिसतं. पुढे ती दायमाबादजवळून जाते. तिथं १९७४ साली धातूच्या चार वजनदार प्रतिमा सापडल्या: बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळाशी त्यांचा संबंध जोडला जातो. रथातला तो माणूस कोण, कुठं निघाला होता, हे सांगणारं आता कुणी नाही. तिथं वस्तू शाबूत आहे आणि गोष्ट गेली. राहूचं नेमकं उलटं, वस्तू काहीच नाही आणि गोष्ट मात्र ठणठणीत. मग नेवासा: मोहिनीराजाचं देऊळ, आणि ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात तो पैस खांब. शेवटी प्रवरासंगम, पलीकडे कायगाव. राहुरी खुद्द मुळेकाठची, पण मुळाही पुढे प्रवरेलाच मिळते.

माझ्या वयाची मुलं ‘फँटसी वर्ल्ड’ म्हटलं की टोल्किनचं नाव घेतात. टोल्किननं त्याचं जग, त्यातल्या भाषा, वंशावळ्या, डोंगर, नद्या एकट्यानं बसून घडवलं. मला जास्त कुतूहल वाटतं ते अनेकांनी मिळून केलेल्या जगांचं. १९७४ सालीच अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आणला. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकानं जगाचं वर्णन करायचं, बाकीच्यांनी त्यात एकेक पात्र होऊन वावरायचं. आम्ही काही मित्र शनिवारी रात्री हा खेळ खेळतो. तिथला एक अलिखित नियम मला फार महत्त्वाचा वाटतो: टेबलावर जे बोललं गेलं आणि कुणी हरकत घेतली नाही, ते त्या जगात खरं. पुलाखाली म्हातारी राहते असं कुणी सहज बोलून गेला, तर पुढच्या शनिवारी म्हातारी असतेच.

पुराणांचं जग हे असंच, फक्त टेबल खूप मोठं आणि खेळ फार जुना. श्रद्धेनं मानणाऱ्याला ‘कल्पित’ हा शब्द टोचेल, हे मला कळतं. पण श्रद्धावंतालाही एक गोष्ट नाकारता येणार नाही, की राहुरीचा उल्लेख मूळ ग्रंथात नाही. महाभारताच्या आदिपर्वात राहूचं डोकं आकाशात जातं आणि धड जमिनीवर आदळतं. आमच्या भागानं ते डोकं खाली उतरवून घेतलं. मंथनाची रवी झालेला मंदार पर्वत बिहारच्या बांका जिल्ह्यात दाखवतात. अमृताचा थेंब नाशिकला सांडला, म्हणून तिथं कुंभमेळा. या सगळ्यांचा आपसात मेळ घालायला बसलं तर डोकं दुखेल, आणि गंमत अशी की तो कुणी घालत नाही. बांक्याचा मंदार राहुरीला खोटं पाडत नाही. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये ग्रहण हे सावल्यांमुळे होतं असं मांडलं, तरी राहूचं काही बिघडलं नाही. ज्योतिषांनी त्याला चंद्राच्या कक्षेचा छेदनबिंदू करून गणितात नोकरी दिली. आज पंचांगवाले ग्रहण मिनिटाबरहुकूम काढतात आणि वर राहूचं नावही ठेवतात.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात आम्हाला याची सवय नाही. तिथं एकाच गोष्टीच्या दोन नोंदी जुळल्या नाहीत तर रात्र जागावी लागते. मिळून केलेल्या कल्पनेचं जग मात्र विसंगतीनं मोडत नाही, उलट त्यामुळेच त्याला नवी गावं फुटतात. ज्या दिवशी कुणीतरी उठून ‘हीच खरी प्रत, बाकीच्या रद्द’ असं म्हणेल, त्या दिवशी राहुरी पहिल्यांदा नकाशावरून पुसली जाईल.

इथवर सगळं गोड आहे. पण या जगाला ‘सगळ्यांचं’ म्हणण्याआधी एक कडवट प्रश्न आड येतो.

केंडल वॉल्टन नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९९० साली ‘मिमेसिस अ‍ॅज मेक-बिलिव्ह’ हे पुस्तक लिहिलं. त्यातलं त्याचं गाजलेलं उदाहरण मुलांच्या खेळाचं आहे. रानात खेळताना मुलं ठरवतात की झाडाचा प्रत्येक बुंधा म्हणजे अस्वल. एकदा ठरलं की झुडपामागं दडलेला, अजून कुणी न पाहिलेला बुंधाही खेळात अस्वल असतो. बुंधा ही खेळाची सोंगटी झाली. राहुरी हे गाव, प्रवरा ही नदी, रतनगडचा डोंगर या अशाच सोंगट्या. नदीला कुणी अमृत म्हणालं तर नदीचं काही जात नाही. पण खेळणाऱ्यांनी बुंध्याऐवजी माणसाकडे बोट दाखवलं तर?

तसं झालं होतं. महाराष्ट्रात ग्रहण लागलं की वस्तीवरून हाक यायची: ‘दे दान, सुटे गिराण’. हाक देणारे मातंग समाजाचे, तेव्हाच्या बोलीत मांग. समजूत अशी की राहू-केतू हे मांग. सूर्य-चंद्र त्यांच्या तावडीतून सुटायचे तर मांगांना धान्य, जुने कपडे द्यायचे. म्हणजे आकाशातल्या पात्राची भूमिका गावकुसाबाहेरच्या जिवंत माणसांना वाटून दिली होती. आमच्या शनिवारच्या टेबलावर जो तो आपलं पात्र स्वतः निवडतो आणि कंटाळा आला की बदलतो. इथं पात्र जन्मानं मिळायचं, तेही पंगतीतून उठवलेल्याचं.

आता पुन्हा त्या पंगतीकडे पाहिलं की ती वेगळी दिसू लागते. मंथनाला देव आणि असुर दोघंही राबले. वासुकीच्या तोंडाकडची, विषारी फुत्कारांची बाजू असुरांच्या वाट्याला आली. वाढायच्या वेळी देव एका ओळीत, असुर दुसऱ्या, आणि वाढप एकाच ओळीत. याला आपल्याकडे साधा शब्द आहे, पंक्तिभेद. राहूनं रूप बदलून फसवलं हा त्याच्यावरचा आरोप खरा. पण वाढणारी मोहिनीही रूप बदलूनच उभी होती. एकाचं सोंग लीला ठरलं, दुसऱ्याचं चोरी. मला लहानपणापासून सूर्य-चंद्रांचा राग येत आला आहे. शेजारी बसलेल्याच्या द्रोणात दोन थेंब पडले तर यांचं काय कमी होणार होतं?

कुणी म्हणेल, ग्रहणाच्या दानामुळे गरिबाच्या घरात धान्य तरी जायचं, तो त्यांचा हक्कच होता. हक्क म्हणून तो मागितला जायचा हे खरं आहे, आणि म्हणूनच प्रकरण अवघड होतं. भूमिका नाकारली तर पोट उपाशी, पत्करली तर पिढ्यान्‌पिढ्या राहू. सोंगटीला खेळातून भाकर मिळते, एवढ्यावरून तिनं खेळायला होकार दिला असं होत नाही.

या जगात सक्तीनं बसवलेल्या माणसानं काय करावं? महाराष्ट्रात याची उत्तरं पुस्तकी राहिली नाहीत, ती माणसांनी जगून दिली.

जोतीराव फुल्यांनी जग तेच ठेवलं, बाजू बदलली. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी एकेक अवतार घेऊन उलटा वाचला. वामन आक्रमक ठरला आणि बळी प्रजेचा राजा. खंडोबा, जोतिबा, म्हसोबा हे बळीच्या राज्यातले अधिकारी. इतिहास म्हणून त्यातलं सगळं टिकत नाही, शब्दांच्या व्युत्पत्त्या तर बऱ्याच ओढूनताणून आहेत. पण कथेची मालकी कुणाकडे, या मुद्द्यावर त्यांनी नेमका घाव घातला. दिवाळीच्या पाडव्याला बळीचं राज्य येवो म्हणणारी शेतकरी घरं तेव्हाही होती. फुल्यांनी त्या ओवाळणीला अर्थ दिला. राहुरीला १९६८ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे आणि तिथून निघणाऱ्या वाणांच्या नावात ‘फुले’ असतं. राहूच्या गावातून बळीच्या वकिलाच्या नावाचं बियाणं शेतात जातं, हा योगायोग कुणी ठरवून केलेला नसणार.

दुसरं उत्तर आंबेडकरांचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतल्या सुरुवातीच्या प्रतिज्ञा म्हणजे या जगाचा राजीनामाच आहे: हे देव मानणार नाही, हे अवतार मानणार नाही. गोष्ट दुरुस्त करत बसायचं नाही, टेबलावरून उठायचं. तरी उठलेल्याला निवांतपणे बोलू देतील असं नाही. त्यांचं ‘रिडल्स इन हिंदुइझम’ १९८७ साली राज्य सरकारनं छापलं, तेव्हा राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून महाराष्ट्र तापला आणि दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले.

आणि या दोघांच्या आधी एक मुलगी होती. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, वय चौदा, समाज मातंग. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. हे नियतकालिक अमेरिकन मिशननं १८४२ मध्ये सुरू केलं ते आमच्याच नगरला. वेदांवर आमचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता ते तरी कळू दे, असं ती देवालाच विचारते. तिला गोष्ट फिरवायची नाही, सोडायचीही नाही. ती आधी एवढंच विचारते की या नकाशावर माझं गाव कुठं आहे. मला हा प्रश्न बाकी दोन्ही उत्तरांपेक्षा अवघड वाटतो, कारण त्याचं उत्तर विचारणाऱ्यानं द्यायचं नसतं.

मी स्वतः या जगातून उठलेलो नाही. प्रवरा अमृताची आहे हे मला आवडतं आणि उद्या कुणी ते शास्त्रानं खोडलं तरी आवडत राहील. मात्र ज्याच्या वाट्याला अमृत आलं त्यानं ‘हे जग आपल्या सगळ्यांचं’ असं म्हणणं फार स्वस्त आहे. राहुरीच्या माणसाला तर ते शोभतच नाही. आमच्या वाट्याला डोकं आलंय.

हरलेल्यांच्या नावानं गावं वसवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. कोल्हासुरानं मरताना वर मागितला की गावाला माझं नाव असावं, म्हणून कोल्हापूर. मणी शरण आला आणि जेजुरीला त्यालाही जागा मिळाली. पण त्या दोघांना निदान बोलायला उसंत मिळाली होती. राहूचा घोट घशातच होता, तेवढ्यात चक्र आलं. त्यानं कुणाकडे काही मागितलं नाही, देवांनी त्याला काही दिलं नाही. मुळेकाठी राहणाऱ्या कुणीतरी, कधीतरी, तीन गावांची ही गोष्ट सांगताना आपल्या गावासाठी अमृत वाढणारी निवडली नाही, वाढून घेणारे निवडले नाहीत, उठवलेला निवडला.