प्रकाशाचा हिशेब आणि मृकंडूची निवड

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, दक्षिणेकडे धावणारी वैनगंगा जेथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, तेथील मार्कंडादेवच्या देवालयसमूहाचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्याच्या हाती आता असे एक मोबाइल अ‍ॅप आले आहे की, जे समोरच्या दृश्यावरील उजेड मोजून, अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचे द्वार, किती उघडावे आणि शटर किती काळ उघडे ठेवावे, याचा हिशेब निमिषार्धात मांडून देते. जुने छायाचित्रकार हाच हिशेब मुखोद्गत ठेवीत: लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर एफ-१६ वर असावे आणि फिल्मचा वेग जेवढा, सेकंदाचा तेवढावा अंश शटरला द्यावा, म्हणजे १०० वेगाच्या फिल्मला सुमारे १/१२५ सेकंद.

परंतु या यंत्राचे वैशिष्ट्य असे की, ते एक उत्तर देऊन थांबत नाही. एफ-१६ आणि १/१२५, एफ-८ आणि १/५००, एफ-४ आणि १/२०००, या तिन्ही जोड्यांनी आत येणारा प्रकाश सारखाच. तथापि पहिलीने जवळच्या स्तंभापासून दूरच्या शिखरापर्यंत सारे रेखीव उमटते, तर तिसरीने एकच शिल्प स्पष्ट राहून मागचे सर्व विरघळते आणि उडता पारवा मात्र हवेत खिळून जातो. प्रकाश हजारपट रोखणारी काळी काच भिंगापुढे लावली, तर तेच १/१२५ सुमारे ८ सेकंदांवर जाते आणि नदीचे पाणी धुक्यासारखे दिसू लागते. अ‍ॅप या सर्व जोड्या निर्विकारपणे पुढे ठेवते. कोणती घ्यावी याविषयी त्याचे काहीही म्हणणे नसते.

दैव आणि पुरुषकार यांचा जो वाद योगवासिष्ठाने पौरुषाच्या बाजूने हिरिरीने चालवला, त्यात मला येथे एक तडजोड दिसते: आकाशातून किती प्रकाश यावा, यावर आपला अंमल नाही आणि त्याविरुद्ध कोठे अपीलही चालत नाही, पण आलेल्या प्रकाशाची वाटणी विस्तारात किती आणि काळात किती करावी, याची मुखत्यारी पूर्णपणे आपली आहे. या स्थळाशी ज्याचे नाव जोडलेले आहे, त्या मार्कंडेयाच्या पित्यापुढे, मृकंडूपुढे, हाच पर्याय ठेवला गेला होता: दीर्घायुषी पण मंदबुद्धी पुत्र, की गुणसंपन्न पण सोळाच वर्षांचा? (सोळाचा आकडा दोन्हीकडे आला, तो निव्वळ योगायोग; त्यात गूढ शोधू नये.) मृकंडूने अल्प काळ आणि मोठे द्वार निवडले.

यावर कोणी म्हणेल की, पुढे मार्कंडेयाला न्यायला आलेल्या यमाला शिवाने परतवले, म्हणजे बेरीजच बदलली. छायाचित्रणातही हिशेब मोडतो खरा: शटर सेकंदाहून अधिक काळ उघडे राहिले की फिल्मची ग्रहणशक्ती मंदावते आणि गणिताहून जास्त वेळ द्यावा लागतो. पण हा मोडही नियमबद्ध आहे, त्याची कोष्टके अ‍ॅपमध्येच असतात. त्याला ईश्वरी कृपा म्हणणे मला मान्य नाही. कृपेचे कोष्टक निघाले, की ती कृपा उरत नाही.

माणसाचा अधिकार मात्र वाटणीपाशी संपत नाही. प्रकाशमापक समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करडी, सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारी, असे गृहीत धरतो. २०१८ च्या उन्हाळ्यात ताडोब्याच्या जंगलात जो काळा बिबट्या दिसला, त्याच्याच अंगावर मोजमाप धरले असते, तर यंत्राने त्याला करडा करून टाकला असता. हा काळाच आहे, हे यंत्राला सांगणे हे पाहणाऱ्याचे काम. विवेक तो हाच. ताडोब्याला जाणाऱ्यांनी हे आणि एफ-१६ चा नियम पाठ करून जावे. कारण तेथे पर्यटकांच्या मोबाइलवर बंदी आहे.