परिपाक आणि काल

वैशेषिकांनी कालाला एक स्वतंत्र द्रव्य मानले, तो नित्य, विभू आणि एकच एक आहे असे ठरविले, आणि जे जे उत्पन्न होते त्या सर्वांचे तो निमित्तकारण होय असा सिद्धांत मांडला. क्षण, दिवस, मास हे जे भेद आपण व्यवहारात करतो ते सूर्याच्या गतीसारख्या उपाधींमुळे भासणारे, मूळ कालाला न शिवणारे होत, असे त्यांचे म्हणणे. तर्काच्या दृष्टीने हे मत मोठे नेटके आहे. परंतु एखादा पदार्थ आंबताना आणि मुरताना ज्याने लक्षपूर्वक पाहिला आहे, त्याचे या एकसंध कालाने समाधान होत नाही. कारण त्याच्यासमोरील एकाच भांड्यात एक द्रव्य पक्वतेकडे चाललेले असते त्याच वेळी दुसरे ऱ्हासाला लागलेले असते, आणि ‘आता वेळ झाली’ हे वाक्य त्यांपैकी कोणाविषयी उच्चारावे हे त्याला कळेनासे होते. या अडचणीचे घरी केलेल्या बिअरइतके लख्ख उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

उदाहरण ऐकून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, आणि त्या अस्थानी आहेत असे मी म्हणणार नाही. स्मृतिकारांनी सुरापान महापातकांत घातले. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्यावाचून मद्य तयार करणे हा अपराध ठरविला. इंग्लंडात मात्र ग्लॅडस्टनच्या अमदानीत, १८८० साली, घरगुती बिअरवर बसलेली परवान्याची अट १९६३ च्या अंदाजपत्रकात रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी उठविली, आणि तेथील गृहस्थ आपल्या स्वयंपाकघरात हा उद्योग उजळ माथ्याने करू लागला. त्याची अडचण आपण केवळ दृष्टांतादाखल पाहू.

माल्ट केलेल्या जवाचा गोड रस हॉप्सच्या फुलांसह तासभर उकळला म्हणजे त्या फुलांतील आम्लांचे रूपांतर होऊन पेयाला कडवटपणा येतो. पण त्याच उकळीत त्यांची सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात. सुगंध राखावयाचा तर निवून यीस्ट घातलेल्या रसात आणखी हॉप्स, न उकळता, टाकावे लागतात. यालाच तिकडे ड्राय हॉपिंग म्हणतात. ते केव्हा टाकावेत? यीस्टचे काम ऐन भरात असताना टाकले, तर वर उसळणारा कार्बन डायऑक्साइड सुगंधाचा मोठा अंश आपल्याबरोबर बाहेर नेतो. उलट त्याच वेळी यीस्ट हॉप्ससोबत शिरलेला प्राणवायू गिळून टाकतो आणि त्यांतील जिरॅनिऑलचे सिट्रोनेलॉल करून फुलात मुळी नसलेला नवाच गंध निर्माण करतो. किण्वन संपल्यावर टाकले तर सुगंध टिकतो, पण प्राणवायूला आवरणारा कोणी उरत नाही. दोन-चार दिवसांत हॉप्सचा गंध बिअरमध्ये उतरतो. त्यापुढे रेंगाळल्यास गवताची चव येऊ लागते. शिवाय हॉप्स हे निरुपद्रवी पाहुणेही नव्हेत. १८९३ साली ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज रसायनज्ञांनी दाखवून दिले की, त्यांच्यात पिष्टमय द्रव्याचे विघटन करणारे विकर असते. त्यामुळे शांत झालेली बिअर हॉप्स पडताच पुन्हा हलकेच आंबू लागते, आणि घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा लागोपाठ दोन-तीन दिवस स्थिर आहे याची खात्री न करता जो बाटल्या भरतो त्याच्या बाटल्या कपाटात फुटतात.

पुढे मुरवण. लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालून बाटल्या बंद कराव्यात, वीस अंशांच्या सुमारास दोन आठवडे ठेवाव्यात. या अवधीत फेस धरतो, कोवळेपणाचा उग्र दर्प ओसरतो, लोण्यासारखा वास देणारे डायॲसिटिल यीस्ट स्वतःच परत शोषून घेतो; आणि ज्या सुगंधासाठी एवढा खटाटोप केला तो मात्र पहिल्या दिवसापासून क्षीण होत असतो. मुरवण सबुरी मागते, सुगंध घाई मागतो.

हा पेच घेऊन आता वैयाकरण भर्तृहरीकडे वळू. ‘वाक्यपदीया’च्या तिसऱ्या कांडातील कालसमुद्देशात त्याने कालाला द्रव्य न म्हणता शक्ती म्हटले आणि तिचे दोन व्यापार सांगितले: प्रतिबंध आणि अभ्यनुज्ञा, म्हणजे अडवून धरणे आणि मोकळीक देणे. सर्व कार्ये आपापल्या कारणांत सिद्ध असूनही एकदम प्रकट होत नाहीत, क्रमाने होतात, ते या दोहोंमुळे. आमचा गृहस्थ जे करतो ते नेमके हेच नाही काय? तो भांडे थंड करतो तेव्हा यीस्टला अडवितो. बाटलीत साखर घालतो तेव्हा त्यालाच अनुज्ञा देतो. बिअर तो करीतच नाही. १५१६ च्या बव्हेरियातील सुप्रसिद्ध हुकुमात जव, हॉप्स आणि पाणी एवढ्यांचीच नावे आहेत. खरा कर्ता जो यीस्ट त्याचा त्यात उल्लेखही नाही, आणि तरीही पाश्चरने १८७६ साली बिअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करण्यापूर्वी शतकानुशतके उत्तम बिअर होतच होती. मनुष्याच्या कर्तृत्वाविषयी ज्यांना फार अभिमान वाटतो त्यांनी हा दस्तऐवज अवश्य वाचावा.

कामाची वेळ पंचांग पाहून ठरवावी काय, हा मुहूर्ताचा प्रश्नही येथेच सुटतो असे मला वाटते. त्याच बव्हेरियात १५५३ साली दुसरा हुकूम निघाला, की बिअर संत मायकेलच्या सणापासून, म्हणजे २९ सप्टेंबरपासून, संत जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे २३ एप्रिलपर्यंतच करावी. तारखा संतांच्या, कारण मात्र उन्हाळ्यात नासणाऱ्या बिअरचे. पंचांग हे वस्तुस्वभावाचे दप्तर आहे. दप्तरातील नोंदीला प्रत्यक्ष जमिनीची मालकी मानणे ही मुहूर्तवाद्यांची चूक, आणि नोंद निराधार आहे असे समजणे ही त्यांची थट्टा करणाऱ्यांची.

एवढे मान्य केले तरी एक शंका उरते: वस्तूंचे अनेक काल परस्परविरोधी असतील, तर पक्वता कोणत्या क्षणी मानावी? माझ्या मते हा क्षण वस्तूत नसतो आणि कालातही नसतो. भोक्त्याला काय हवे हे सांगितल्याखेरीज तो ठरतच नाही. बेल्जियममधील ओरव्हाल येथील ट्रॅपिस्ट मठवासीयांनी हे चांगले ओळखले आहे. १९३१ साली स्थापन झालेल्या त्यांच्या भट्टीत बिअरला ड्राय हॉपिंग करतात, आणि बाटली भरताना ब्रेटॅनोमायसीस नावाचे मंदगती यीस्टही घालतात. ताज्या बाटलीत हॉप्सचा सुगंध प्रबळ असतो, सहा महिन्यांनी तो मावळून कोरडी, चामड्याची आठवण देणारी निराळीच चव येते. यांतील खरी ओरव्हाल कोणती याचा निवाडा मठ देत नाही. बाटलीवर ती भरल्याची तारीख आणि त्यापुढे पाच वर्षांची मुदत अशा दोन तारखा छापलेल्या असतात, आणि मधल्या काळात ती केव्हा उघडावी हे घेणाऱ्याने ठरवावयाचे असते.