कर्तृत्व आणि स्वामित्व

जो ज्याची रचना करतो तो त्याचा स्वामी होतो काय? घट कुंभाराचा, वस्त्र विणकराचा, हे लोकव्यवहारात मान्य आहे. परंतु रचलेली वस्तू सजीव असेल तर तेथेही हाच न्याय लागू पडतो काय, हा प्रश्न गेल्या अर्धशतकात पाश्चात्त्य न्यायासनांपुढे उभा राहिला.

आरंभ एका सूक्ष्म जंतूपासून झाला. जन्माने बंगाली असलेले शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत खनिज तेलाचे घटक विघटित करणारा जंतू सिद्ध केला. सजीवाचे पेटंट देता येत नाही, असे पेटंट कार्यालयाचे म्हणणे होते. १६ जून १९८० रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की, भेद सजीव-निर्जीव असा नसून निसर्गनिर्मित व मनुष्यनिर्मित असा आहे. ही वाट मोकळी होताच जंतूवरून उंदरापर्यंत येण्यास फार काळ लागला नाही. हार्वर्ड विद्यापीठात फलित अंड्यात कर्करोगकारक जनुक घालून असा उंदीर उत्पन्न करण्यात आला की, त्यास व त्याच्या संततीस कर्करोग सहज जडावा. १९८८ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये, तेही पाच विरुद्ध चार मतांनीच, ते नाकारले. तथापि हा नकार करुणेपोटी नव्हता; उच्च कोटीचा प्राणी कायद्यातील शब्दांच्या व्याख्येत बसत नाही, एवढाच त्याचा आशय होता.

या वादांत शास्त्रज्ञ, विद्यापीठ व शासन हे सर्व पक्षकार होते. उंदीर मात्र पक्षकार नव्हता. तो कोणाचा, हे विचारले गेले. त्याचे मनुष्य काय देणे लागतो, हा प्रश्न मागेच राहिला.

येथे पूर्वपक्ष असा की, या उंदरामुळे कर्करोगाचे ज्ञान वाढते व रुग्णांचे कल्याण साधते. शिवाय मनुष्याने घडविले नसते तर तो जन्मासच आला नसता. यातील पहिला भाग क्षुल्लक मानता येत नाही. युरोपच्या पेटंट कार्यालयाने प्राण्याचे दुःख एका पारड्यात व मानवाचे हित दुसऱ्या पारड्यात ठेवून १९९२ मध्ये पेटंट दिले. पण दुःख तोलले, याचाच अर्थ ते भोगणारा कोणी आहे हे मान्य केले. घटाचे दुःख कोणी तोलीत नाही.

दुसरा भाग मात्र विचारांती टिकत नाही. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र व अनादी आहेत. जनुक हा देहाचा अंश, म्हणून प्रपंचातील. शास्त्रज्ञाने देहाची घडण पालटली. त्या देहात सुखदुःख भोगणारा जीव त्याने निर्मिला नाही. मग जे केलेच नाही त्यावर स्वामित्व कसे? उलट, ज्याच्या देहात जाणूनबुजून व्याधी पेरली त्याचे ऋणच कर्त्याच्या शिरी येते.

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वश्रुत आहे. पारध्यांच्या भयाने पळणारा ससा सर्वज्ञांच्या जानूखाली शिरला. पारध्यांनी त्यावर हक्क सांगितला, तो होडेचा म्हणून. सर्वज्ञांनी त्यास शरण आलेला जीव म्हणून राखले. न्यायासनांपुढील उंदरासंबंधी हक्क सांगणारे अनेक झाले. त्यास आश्रयाला जानू मात्र कोठे मिळाला नाही. साधकाने ही उणीव ओळखावी, आणि जेथे 'हे माझे' असा शब्द मुखी येईल तेथे समोर वस्तू आहे की जीव, हे आधी पाहावे.