तटस्थ निवेदन आणि न्याय

यादवी युद्धाच्या लष्करी इतिहासात तटस्थता हा निवेदकाचा गुण मानला जातो. तो नैतिक गुणही असतो काय? अमेरिकी यादवीतील (१८६१–६५) १७ सप्टेंबर १८६२ ची लढाई उत्तरेच्या लेखी ओढ्यावरून ‘अँटिटम’, तर दक्षिणेच्या लेखी गावावरून ‘शार्प्सबर्ग’ ठरली. दोन्ही नावे नोंदवणारा इतिहासकार साहजिकच न्यायी वाटतो. परंतु १९१३ साली गेटिसबर्ग येथे दोन्ही पक्षांच्या वृद्ध सैनिकांनी हस्तांदोलन केले, तेव्हा त्या समेटाच्या कथनात युद्धाच्या मुळाशी असलेला गुलामगिरीचा प्रश्न अनुच्चारित राहिला. उत्तरेच्या सैन्यातील सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिकही परिघाबाहेर गेले. १२ एप्रिल १८६४ रोजी टेनेसीतील फोर्ट पिलो येथे शरण आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची दक्षिणेच्या सैन्याने कत्तल केली. ही घटना ‘उभय पक्षांचे शौर्य’ या सूत्रात बसतच नाही. शौर्य दोन्हीकडे सारखे असू शकते. त्यावरून युद्धहेतू समान ठरत नाहीत. पुराव्याबाबतची तटस्थता हे इतिहासकाराचे कर्तव्यच होय. मूल्यांबाबतची तटस्थता मात्र दोघांच्या समेटाची किंमत तिसऱ्याकडून वसूल करते.