गंगाळ आणि रुमाल: ख्रिस्ती जीवनातील लीनता व सेवा

ख्रिस्ती धर्मविचारात लीनता म्हणजे स्वतःला तुच्छ लेखणे नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानातील 13 व्या अध्यायात हे स्पष्ट दिसते. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू ताटावरून उठतो, बाह्यवस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो आणि गंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुऊ लागतो. सगळा अधिकार आपल्या हाती आहे हे त्याला ठाऊक होते, असे योहानाने त्याआधीच सांगून ठेवले आहे. म्हणजे ही लीनता आपली योग्यता न कळल्यामुळे आलेली नाही. योग्यता पुरती ओळखून तो खाली बसला.

पाय धुण्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दारी आलेल्या पाहुण्याला पायांवर पाणी देतात, लग्नात वधूपिता जावयाचे पाय धुतो, शिष्य गुरूचे धुतो. धुणारा नेहमी मानाने खालचा असतो. योहानाच्या प्रसंगात गुरूच शिष्यांपुढे वाकतो, आणि म्हणूनच पेत्र पाय मागे घेतो. त्याचा नकार वरवर नम्र वाटतो, पण येशू तो मान्य करत नाही. दुसऱ्याकडून सेवा घेणे हीदेखील लीनताच आहे, आणि देण्याची सवय जडलेल्यांना तीच अधिक अवघड जाते. वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, तिथे ही देवघेव दोन्ही बाजूंनी चालते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे नारायण वामन टिळक म्हणत. त्यामागे अशी जवळीक असावी.

पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात हाच विचार पुढे नेला. ख्रिस्ताने स्वतःला रिकामे केले आणि दासाचे रूप घेतले, असे तो मांडतो. रिकामे होणे म्हणजे काय, याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले होते. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये घेऊन आल्या. पुढे बायबलचे भाषांतर हाती घेतल्यावर त्यांनी संस्कृतप्रचुर शब्द बाजूला ठेवले. साध्या बाईला वाचताना अडू नये, एवढीच त्यांची कसोटी होती. मुक्तीतल्या बायकांनीच खिळे जुळवून ते छापले. भाषांतर पूर्ण करून 1922 मध्ये रमाबाई वारल्या; पूर्ण ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. ज्या विद्येने मान मिळवून दिला तिचे प्रदर्शन टाळणे हा अन्नदानाहून मोठा त्याग होता.

वाशिममध्ये या विचाराला रुग्णालयाचे रूप मिळाले. चर्च ऑफ द नाझरीन या पंथाच्या डॉ. ऑर्फा स्पायचर यांनी 1938 मध्ये येथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केले आणि सुमारे चार दशके त्या त्यासाठी राबल्या. पुढे येथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले, आणि ते डॉक्टरांच्या कामाइतकेच महत्त्वाचे ठरते. रक्त, पू, मलमूत्र यांना हात लावण्याचे काम ज्या समाजात विशिष्ट जातींवर लादलेले होते, तिथे शिकलेल्या मुलीने ते करणे ही लहान गोष्ट नव्हती. अनेक घरे मुलींना नर्सिंगला पाठवायला तयार नसत. त्या काळी या व्यवसायात ख्रिस्ती मुली मोठ्या संख्येने आल्या, त्याचे एक कारण हेच.

जखमेवर वाळून चिकटलेली पट्टी सोडवणे हे त्यातले रोजचे काम. घाईने ओढली तर कोवळी कातडी निघते आणि रोगी कळवळतो. म्हणून पट्टीवर थेंब थेंब पाणी सोडून ती भिजेपर्यंत थांबावे लागते, मग कडेपासून हळूहळू उचलावी लागते. तेवढा वेळ परिचारिका खाली वाकूनच असते. योहानाचे गंगाळ या कामापासून फार दूर नाही.

सेवा मात्र सत्ताही बनू शकते. भुकेल्याला भाकरी देणारा किंवा रोग्याला औषध देणारा त्याच्या मनावर हक्क सांगू लागतो. मिशनच्या कामावर हा आक्षेप जुनाच आहे. शाळा-दवाखाने धर्मांतराचे साधन होऊ नयेत, असे गांधीजींनी वारंवार बजावले. या आक्षेपाचे उत्तर ख्रिस्ती माणसाने चिडून देण्याचे कारण नाही, कारण तो त्याच्याच ग्रंथातून निघतो. त्या रात्री ज्यांचे पाय धुतले गेले त्यांत यहूदाही होता. तो विश्वासघात करणार हे येशूला माहीत होते, तरी त्याला वगळले नाही. ज्या सेवेची किंमत नंतर निष्ठेच्या रूपाने वसूल होते ती सेवा या कसोटीला उतरत नाही. उलट, बरा होऊन गेलेला रोगी दवाखान्याचे नावही विसरला तरी ती सेवा पुरी झालेली असते.

कॅथलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारी धर्मगुरू मंडळीतील काही जणांचे पाय धुतात. या विधीसाठी नियमाने फक्त पुरुष निवडले जात. जानेवारी 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयाने तो नियम बदलला. आयुष्यभर इतरांच्या जखमा धुणाऱ्या बाईचे पाय तेव्हापासून या विधीत रीतसर धुतले जातात.