बढतीची पायरी

विरारहून चर्चगेटकडे निघालेल्या सकाळच्या लोकलमध्ये बँका आणि फायनान्स कंपन्यांतले कितीतरी जण असतात. बढती कुणाला, साहेबांच्या मर्जीतलं कोण, ही चर्चा तिथे नेहमीची. काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं झालं की माणूस आतून खचतो.

पण उलट उदाहरणही आहे. प्रतीक्षा तोंडवळकर मुंबईत स्टेट बँकेत सफाईकाम करत. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी लहान मूल. नोकरी सांभाळून दहावी झाल्या, विक्रोळीच्या रात्र महाविद्यालयात शिकल्या, लिपिक झाल्या. २००४ मध्ये प्रशिक्षणार्थी अधिकारी, २०२२ मध्ये सहायक महाव्यवस्थापक!

जिद्द त्यांची होतीच. पण पुढची पायरी कोणती, हेही समोर दिसत होतं. कितीतरी कंपन्यांत ते दिसत नाही. बढतीचे निकष लेखी मागणाराच तिथे भांडखोर ठरतो, हे फार दुखतं.