तान्ह्या बाळकाची लस व आईबापांचा विश्वास

जो जीव अद्याप बोलूं शकत नाहीं, त्याच्या वतीनें "नको" म्हणण्याचा अधिकार कोणास आहे व कोठवर आहे, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. वरठीसारख्या गांवांत तो घरोघरीं बाळंतिणीच्या खाटेपाशीं उभा राहतो. मूल जन्मतांच त्याच्या मांडींत हिपॅटायटिस-बी या यकृताच्या रोगाविरुद्ध सुई, डाव्या दंडावर क्षयाविरुद्ध बीसीजी, आणि तोंडांत पोलिओचे दोन थेंब, इतकें देण्याचा आपल्या देशांत नियम आहे. आजी म्हणते, "सव्वा महिना तरी होऊं द्या, एवढ्याशा जिवाला कशाला टोंचतां?"

या आजीस अडाणी म्हणून हंसणारे लोक आहेत. आम्हांस तें रुचत नाहीं. तिच्या पिढीनें पुष्कळ लहान जीव मातीआड होतांना पाहिले आहेत. १९७१ सालीं भारतांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १२९ मुलें वर्षाच्या आंत मरत. २०२० सालीं ती संख्या २८ वर आली, व आपल्या महाराष्ट्रांत १६ वर. बाळास गर्दींत न नेण्याच्या चालींत शहाणपणही आहे. परंतु हिपॅटायटिसाचे रोगजंतु आईच्या रक्तांतून प्रसूतीच्या वेळींच मुलास लागूं शकतात, आणि ज्यांस ते जन्मतांच लागले अशा दहा मुलांपैकीं सुमारें नऊ मुलांच्या शरीरांत ते जन्मभर घर करून राहतात. म्हणून पहिली सुई चोवीस तासांच्या आंत टोंचावयाची. सव्वा महिन्यानंतर टोंचणें म्हणजे चोर आंत शिरल्यावर दाराला कुलूप घालणें होय.

दुसरे कोणी म्हणतात, देव तारी त्याला कोण मारी. ही म्हण संकटांत धीर देण्यास ठीक आहे. हात जोडून स्वस्थ बसण्यास ती निघालेली नाहीं. आपल्या विदर्भांतच, गडचिरोली जिल्ह्यांत, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं ३९ गांवांत तेथल्याच स्त्रियांस शिकवून नवजात मुलांची घरींच शुश्रूषा करविली. त्याचा वृत्तांत १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत आला. तिसऱ्या वर्षीं त्या गांवांतील नवजातांचे मृत्यु, शेजारच्या इतर गांवांच्या मानानें, ६२ टक्क्यांनीं घटले होते. कोणाच्या आयुष्याची दोरी कोणीं नव्यानें वळली नव्हती. ऊब, आईचें दूध, स्वच्छ हात व वेळेवर औषध, एवढेंच दिलें होतें.

हें उदाहरण लसीचें नव्हे, हें आम्हांस ठाऊक आहे. तें मुद्दाम दिलें आहे. उपदेशक बंधूंनो, लोकांची समजूत घालतांना खोटें वचन देऊं नका. "एक सुई टोंचली कीं मूल वांचलें" असें बोलणें सोपें असतें. पण तें मूल पुढें दुसऱ्याच दुखण्यानें गेलें, तर त्या घरांत पुन्हां कोणी तुमचें ऐकणार नाहीं. बीसीजी या देशांत १९४८ सालीं आली, व जेथें तिचा आरंभ झाला त्या ठिकाणांत मदनपल्लीचें मिशनचें क्षयरोग आरोग्यधाम होतें. पुढें १९६८ पासून मद्रासेजवळ चिंगलपट जिल्ह्यांत तिची मोठी परीक्षा झाली, तेव्हां मोठ्या माणसांच्या फुप्फुसांचा क्षय ती थांबवीत नाहीं असें आढळलें. लहान मुलांस मेंदूच्या आवरणाचा क्षय होतो, त्यापासून मात्र ती पुष्कळ रक्षण करते, व तान्हेपणीं देण्याचें कारणही तेंच. आफ्रिकेंतील गिनी-बिसाऊ देशांत कमी वजनाच्या मुलांस ती जन्मतांच दिली असतां इतर कारणांनीं होणारे मृत्युही घटले. दक्षिण हिंदुस्थानांत रशियन जातीच्या बीसीजीनें तसाच प्रयोग केला, तेव्हां हा लाभ दिसला नाहीं. असें आहे तसें सांगावें. टोंचल्या जागीं कांहीं आठवड्यांनीं गांठ येते, ती फुटते व व्रण राहतो, हेंही आधींच सांगावें, म्हणजे लस नासली असें कोणी म्हणणार नाहीं.

आतां खरा अवघड आक्षेप. ९ जानेवारी २०२१ च्या उत्तररात्रीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळकांच्या कक्षास आग लागली आणि दहा बाळें मरण पावलीं. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस यवतमाळ जिल्ह्यांत घाटंजी तालुक्यांतील एका गांवीं बारा मुलांस पोलिओच्या थेंबांऐवजीं हात धुण्याचें जंतुनाशक पाजण्यांत आलें. यानंतर एखादा बाप "माझें मूल मी त्यांच्या हातीं देत नाहीं" असें म्हणाला, तर त्यास कोणत्या तोंडानें दोष द्यावा? त्याचा राग न्यायाचा आहे. तो गिळून टाक असें त्यास सांगणें हा दुसरा अन्याय होईल.

तथापि राग कोणावर, व शिक्षा कोणास, हें पाहिलें पाहिजे. मापाड्यानें धान मापतांना लबाडी केली तर शेतकरी मापाड्याशीं भांडतो. रोवणी सोडून देत नाहीं. ज्यांनीं हयगय केली त्यांस जाब विचारावा, तक्रार लिहावी, ग्रामसभेंत उभें राहून बोलावें. परंतु लस नाकारली तर त्या हयगयीचा दंड तिला कारण न झालेलें मूल भरतें. बाप आपल्या स्वतःच्या जिवाचा धोका पत्करूं शकतो. मुलाच्या जिवाचा धोका आपल्या रागापायीं पत्करण्याचा अधिकार त्यास कोणीं दिला?

विश्वास ठेवावा, पण डोळे उघडे ठेवून. नर्सबाईंस कुपी दाखवावयास सांगावें. कुपीवर एक वर्तुळ व त्यांत एक चौकोन असतो; चौकोन वर्तुळाहून फिका असेल तर उष्णतेनें लस बिघडलेली नाहीं, सारखा किंवा अधिक काळा झाला असेल तर ती घेऊं नये. मुदतीची तारीख वाचावी. बीसीजीची कुपी पातळ केल्यावर चार तासांनंतर वापरावयाची नसते. ज्यास वाचतां येत नाहीं त्याच्याबरोबर वाचतां येणाऱ्यानें जावें. असें विचारल्यानें कोणा प्रामाणिक नर्सबाईचा अपमान होत नाहीं.

ज्या घरांतील बाळ त्या रात्रीं गेलें, त्या घरीं मात्र हा लेख वाचून दाखवूं नये. तेथें नुसतें जाऊन बसावें. आणि त्या घरीं पुन्हां पाळणा हालला तर आशाताईबरोबर आपणही आरोग्य केंद्रापर्यंत चालत जावें, व सुई टोंचून होईपर्यंत दाराशीं थांबावें.